पन्नाशी उलटल्यावर साडी नेसताना : व्यायाम आणि खाण्याचे तुमचे अनुभव

शालन, दादर

दिवाळीआधी कपाट आवरायला काढलं तेव्हा तळाशी मोतिया रंगाचं ब्लाउज सापडलं. २०११ साली 'बहिणीचं माप आहे' म्हणून शिवून घेतलेलं. हौसेने चढवलं, तर खालची दोन हुकं काही केल्या लागेनात. श्वास आत ओढून लावली, आणि शिंक आल्यावर एक तुटून आरशावर आपटलं.

मी ५८, तुम्हा सगळ्यांसारखाच हौसेने साडी नेसणारा पुरुष. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी पोटाचं माप घेतलं, ४१ इंच. म्हणाले, आपल्याकडच्या पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत राहावं. बायकांसाठी ८० सेंटिमीटर. मनात आलं, मी कुठला आकडा धरू? पण चरबीला आपला वेश कळत नाही. ती पुरुषाच्या शरीरात पुरुषाच्याच जागी, पोटात जाऊन बसते.

मागच्या भेटीला आपण नऊ जण होतो, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. साड्यांपेक्षा गोळ्यांवर जास्त बोललो, आणि समोर काय होतं? समोसे, बटाटेवडे, कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या. म्हणून हा धागा काढतेय. 'गेलो' लिहा की 'गेले', ज्याला जे जमेल ते. औषधांची नावं नकोत, एकाचं बघून दुसरा घेतो. आणि 'रोज चाला, कमी खा' असं एका ओळीत उरकू नका. काय केलं आणि काय फसलं, ते सांगा.

कुंदामावशी, गिरगाव

मी ६६. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून नोकरीला, म्हणजे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा खोली माझी. आयुष्यभर ज्या वेळेसाठी जीव टाकला, तो आयता मिळाला. मग काय, दहाला नेसायचं, कुंकू-पावडर करायची आणि खुर्चीत बसायचं. टीव्ही, चहा, चहाबरोबर खारी. निऱ्या विस्कटतील म्हणून उठायचंसुद्धा नाही. नटून बसलेली बाहुली! दोन वर्षांत एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ८.४ वर गेलं.

डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. पण व्यायामाला ट्रॅकपँट घालायची म्हणजे माझे साडीचे तास गेले. हा हिशेब दुसऱ्या कुणाला सांगणार? सहा महिने टाळलं.

मग एकदा आई आठवली. नऊवारीत उकिडवी बसून अख्खी खोली पुसायची, खालून पाण्याच्या कळशा आणायची. अरे, काष्टा असतोच मुळी त्यासाठी! सहावारी बसण्याची, नऊवारी कामाची. मोलकरणीला फक्त भांडी ठेवली, केर-फरशी मी घेतली. पहिल्या दिवशी खाली बसले ती उठताना पलंगाचा पाय धरावा लागला. आता हात न टेकता उठते. गुडघा वाजतो, वाजू दे.

जेवल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिरते, खिडकी ते मोरी. बाहेरच्या गॅलरीत जाता येत नाही, तिथे शेजारी. खारी बंद. दुपारी भाकरी, पालेभाजी, वाटीभर घट्ट डाळ. भात सोडला नाही, मुठीएवढा घेते. आता आकडा ७.१ आहे. गोळ्या चालू आहेत, सगळं श्रेय फरशीला देत नाही.

मीनल, कांदिवली

मी आपल्यात बच्ची, ४९ ची. माझं फसलेलं सांगते.

संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने घालायचे, फोटो काढायचे, असं वर्षभर ठरवलं होतं. नोव्हेंबरमध्ये वजन ८६. दोन महिन्यांत अकरा किलो उतरवलं. कसं? सकाळी लिंबूपाणी, दुपारी कोबीचं सूप, रात्री एक सफरचंद. व्यायाम शून्य, कारण अंगात जीवच नव्हता. संक्रांतीला साडी छान बसली हो, पण चेहरा! गाल आत गेले, डोळ्यांखाली खड्डे, फाउंडेशन सुरकुत्यांत जाऊन बसलं. फोटोत मी माझ्या आजारी आत्यासारखी दिसत होते. पोट मात्र थोडं होतंच. चरबीच्या बरोबरीने स्नायू गेले होते.

फेब्रुवारीत उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की रिक्षात आडवी झाले. पित्ताशयात खडे. सर्जन म्हणाले, वजन फार झपाट्याने उतरवलं की खडे होण्याचा धोका वाढतो. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. थिएटरमध्ये न्यायच्या आधी सिस्टरने पायांकडे पाहून विचारलं, "काका, हे नेलपॉलिश?" मी म्हटलं, नातीचा उद्योग. मला नात नाही. मुलगीसुद्धा नाही. सिस्टर काही बोलली नाही, कापूस आणून नखं पुसून गेली. त्या माऊलीला माझा नमस्कार.

आता महिन्याला एक-दीड किलोच्या वर उतरवत नाही. चंद्रकळा पुन्हा नेसले, या वेळी ७९ किलोची. जास्त शोभली.

रेखा, ठाणे

थोडक्यात लिहितो. पाणी प्या.

मी ६१, प्रोस्टेट वाढलेलं. तयार झालो की तासातासाला जायचं म्हणजे साडी, परकर, आतलं घट्ट शेपवेअर सगळं उकलायचं, म्हणून भेटीच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नसे. मे महिना, विगखाली डोकं भट्टी झालेलं, घामाच्या धारा, आणि पाणी नाही. दोनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, तिसऱ्यांदा चक्कर येऊन बसलो. आता शेपवेअर एकच, सैलसर. बिनसाखरेचं कोकम सोबत ठेवतो. जायचं असेल तेव्हा जातो, निऱ्या परत घालतो. निऱ्या घालण्याचा हात चांगला बसलाय त्यामुळे.

सौ., मुलुंड

मी तुमच्यातल्याच एकाची बायको. यांनीच धागा दाखवला. चौदा वर्षांपूर्वी कळलं, तेव्हा काय झालं ते इथे सांगत नाही. आता आमची साड्यांची खरेदी एकत्र होते आणि माझ्याच पिशवीत येते.

तक्रार आहे ती अशी. आमचे हे तरुणपणी जोर काढायचे. पुढे 'दंड पुरुषी दिसतात, बाही घट्ट होते' म्हणून सगळं सोडलं. वीस वर्षं हाताने दुधाच्या पिशवीपेक्षा जड काही उचललं नाही. हात बारीक झाले ते नाजूक नाहीत, लोंबते झाले. त्यात साखर. ५७ व्या वर्षी खांदा आखडला, फ्रोझन शोल्डर. मधुमेहींना तो जास्त होतो म्हणे. हात मागे जाईना. म्हणजे पाठीवरची हुकं कोण लावणार? मी. आठ महिने मी लावली. एकदा म्हटलं, "अहो, मी माहेरी गेले की काय कराल?" दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर बोटं चढवायला लागले. रोज पेन्सिलने खूण करायचे, कालच्यापेक्षा किती वर. ती भिंत अजून रंगवलेली नाही आम्ही.

आता दोघं मिळून दोन-दोन किलोचे डंबेल्स उचलतो. यांचे दंड काही पैलवानासारखे झाले नाहीत.

जेवणाचं म्हणाल तर पुरुष मंडळी 'आजपासून कमी खाणार' हे पुरणपोळ्या लाटून झाल्यावर जाहीर करतात. आधी सांगा! मी मोजून पाहिलं, तर यांच्या ताटात पोळ्या चार आणि डाळ म्हणजे पिवळं पाणी. किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात, आयसीएमआरचाच आकडा आहे. ७२ किलोच्या माणसाला झाले ६० ग्रॅम. एका अंड्यात सहा. मग मी पोळ्या दोन केल्या, मुगाचं धिरडं आणलं, बुधवार-शुक्रवार बांगडा, पण तळलेला नाही, तिरफळ घालून आमटी. रात्री लोणचं-पापड बंद, बीपीसाठी. यांनी तोंड वाकडं केलं. मग मी म्हटलं, पैठणीचे पैसे त्या डॉक्टरला देऊ का?

लाटकर, लालबाग

वहिनी, शेवटच्या वाक्याला दंडवत.

मी ५४. मंडळाच्या कार्यक्रमांत लावणी करतो, पंचवीस वर्षं झाली. दोन्ही पायांत मिळून चार किलोच्या आसपास घुंगरू बांधतो. लोकांना वाटतं नाचतो म्हणजे व्यायाम झाला. नाही होत. नाच गुडघ्यांकडून उसने घेतो, फेडायचं दुसरीकडे असतं. चाळिशीत मी काहीच फेडलं नाही, आणि पन्नासाव्या वर्षी बसून उठायच्या अदेत गुडघा धरला. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना वाटलं अदाच आहे.

आता दिवसाआड मांड्यांचा व्यायाम. खुर्चीवर बसायचं, हात न लावता उठायचं, वीस वेळा. मग भिंतीला पाठ लावून अर्ध्या बैठकीत थांबायचं. घुंगरू सरावाला नाही, फक्त कार्यक्रमाला. कठीण असतं ते खाणं. रात्री एकला मेकअप उतरवतो, भूक मरणाची, आणि उघडी असते ती फक्त वडापावची नाहीतर भुर्जीची गाडी. हल्ली डब्यात दोन उकडलेली अंडी आणि भाजणीचं थालीपीठ नेतो. तरी महिन्यातून एकदा वडापाव. त्यावर चर्चा नको.

एक विचारायचं होतं (नाव नको)

कंबर राहू दे, नितंबांना आकार यावा म्हणून बायकांच्या हार्मोनच्या गोळ्या कुणी घेतल्यात का? ऑनलाइन मिळतात. वय ५५, बीपी आहे.

फिजिओ ताई, माटुंगा

नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि आपल्यातलाच आहे. इस्ट्रोजेनने रक्ताच्या गाठी व्हायचा धोका वाढतो. वय, बीपी असेल तर आणखी. ज्यांना खरोखर लिंगबदलाची वाट चालायची आहे, ते तपासण्या करून, एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली घेतात. दोन तासांच्या साडीसाठी हा सौदा नाही. नितंबांना पॅड मिळतात, रात्री काढून ठेवता येतात.

आणि आकार हवाच असेल तर स्नायू आहेत की तिथे. पाठीवर झोपून गुडघे दुमडायचे, कंबर उचलायची, वर पाच आकडे थांबायचं. योगवाले सेतुबंध म्हणतात. पंधरा-पंधराचे तीन. तीन-चार महिन्यांनी साडी मागून वेगळी पडते, आणि कंबरदुखी कमी होते ती वेगळीच. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटच उतरत नाही, हे मात्र ऐकून घ्या. शरीर चरबी कुठून काढायची हे तुम्हाला विचारत नाही.

माझ्याकडे येणारे नेहमीचे तीन त्रास लिहितो. पहिला हील्सचा. महिनाभर चपला आणि एका संध्याकाळी चार इंच! पोटऱ्या आखडतात, चवड्यांवर सगळा भार येतो, दुसऱ्या दिवशी टाच टेकवत नाही. दोन इंचांवर या, टाच रुंद घ्या, आणि आदल्या-नंतरच्या दिवशी पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा खाली सोडा. दुसरा कॉर्सेटचा. जेवून आवळलात तर ॲसिडिटी होणारच, पोटातलं वर येणार, दुसरं कुठे जाणार? तिसरा परकराच्या नाडीचा. नेहमी एकाच जागी करकचून बांधली की कातडी काळी पडते, सोलते, आणि साखर असेल तर ती जखम भरत नाही. रुंद पट्ट्याचा परकर घ्या, किंवा शेपवेअरवरच निऱ्या खोचा.

आबा / अनसूया, बोरिवली

वय ७२. मी सगळ्यात जुनी, म्हणून शेवटी बोलते.

आमच्या लहानपणी वडील बालगंधर्वांच्या गोष्टी सांगायचे. पन्नाशी उलटली, शरीर सुटलं, तरी ते भामिनी नि सिंधू करत होते, आणि लोक डोळे मिटून ऐकत होते. आपल्याला गळा नाही, त्यामुळे आपल्याकडे लोक डोळे उघडे ठेवून बघणार. चालणं भाग आहे.

रोज सकाळी नॅशनल पार्कात जाते. शर्ट-पँटमध्ये अर्थातच. तिथे बायकांचा एक घोळका असतो, माझ्याच वयाच्या, हसत-खिदळत भराभर चालणाऱ्या. बाईसारखं चालायला मी त्यांच्याकडे बघून शिकले. लहान पावलं, हात मोकळे, मान ताठ. त्यांना वाटतं आबा आमच्याशी स्पर्धा लावतात. एकीने नाचणीच्या आंबिलीची कृती दिली. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तीच सांगत होती. "आबा, हाडं फक्त बायकांची ठिसूळ होत नाहीत बरं का." मला इतकं बरं वाटलं!

दोन वर्षांपूर्वी घरात पदरात पाय अडकून पडले. मनगटावर निभावलं. तेव्हापासून दात घासताना एका पायावर उभी राहते, आधी उजव्या, मग डाव्या. सुरुवातीला चार सेकंदांत बेसिन धरायची. आता अख्खं दात घासून होतं. साडी घोट्याच्या वर नेसते. फॅशन म्हणून नाही.

ते जुनं ब्लाउज, शालन, उसवून घे गं. आत शिवणीत कापड ठेवलेलं असतं.

शालन, दादर

अनसूयाताई, बघितलं. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच आहे. उसवून घेतेय, आणि शिवाजी पार्कला दोन फेऱ्याही सुरू केल्यात. पोट सध्या ४०.

पुढच्या भेटीचं. तेवीस तारीख, जागा तीच. समोसे बंद. कुंदामावशी भाकरी, वहिनी धिरडी पाठवताहेत, मीनलकडे काकडीची कोशिंबीर, लाटकर अंडी. कोकम मी आणते, रेखाच्या पद्धतीने. लिफ्ट बिघडली आहे, चौथा मजला आहे. हील्स पिशवीत घालून आणा.