'निर्देशक' आणि 'सहभागी' शैली : या शब्दांत नेमकं काय बसतं?

प्रश्न

मी अध्यापक विद्यालयात शिकवते. वर्गअध्यापन आणि शालेय व्यवस्थापन यांवर मराठीत एक टिपण तयार करते आहे. 'डायरेक्टिव्ह' आणि 'पार्टिसिपेटिव्ह' या नेतृत्वाच्या दोन शैलींपाशी अडले आहे. एका मार्गदर्शकात पहिलीला 'आदेशात्मक' म्हटलंय, दुसऱ्यात 'निर्देशक', तिसऱ्यात थेट 'हुकूमशाही'. दुसरीला कुठे 'सहभागी', कुठे 'सहभागात्मक', कुठे 'लोकशाही'. विद्यार्थी हे सगळे शब्द समानार्थी समजून लिहितात.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने पाठनिरीक्षणात लिहिलं : 'मुलांनी हात वर करून उत्तरे दिली, म्हणून पाठ सहभागी शैलीचा होता.' मी ते चूक ठरवलं. पण 'सहभागी' या शब्दातच काय आहे ज्यामुळे ते चूक ठरतं, हे मला तिला सांगता आलं नाही. कुणी उलगडून सांगेल का?

प्रतिसाद

ताई, आधी 'हुकूमशाही' बाजूला काढा. तो शब्द दुसऱ्याच घरातून आलाय. १९३९ साली कुर्ट लेविन, लिपिट आणि व्हाइट यांनी अमेरिकेत दहा-दहा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलं शाळा सुटल्यावर जमायची, मुखवटे वगैरे बनवायची, आणि मोठ्या माणसाच्या वागण्याच्या तीन तऱ्हा पाहिल्या गेल्या. त्यांतल्या दोघींची नावं हुकूमशाही आणि लोकशाही. लेविन १९३३ मध्ये जर्मनी सोडून आलेले ज्यू शास्त्रज्ञ होते, तेव्हा हे शब्द का निवडले गेले ते समजतं. त्यांत बरं-वाईट आधीच ठरलेलं आहे.

'डायरेक्टिव्ह' आणि 'पार्टिसिपेटिव्ह' ही जोडी प्रामुख्याने पुढच्या काळातल्या व्यवस्थापनशास्त्रातली आहे. रॉबर्ट हाउस यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतात 'डायरेक्टिव्ह' म्हणजे काय करायचं, कसं, कधीपर्यंत हे स्पष्ट सांगणारा वरिष्ठ. काम नवं आणि संदिग्ध असेल तर असा वरिष्ठ माणसांना हवाच असतो, आणि काम रोजच्या सवयीचं असेल तर तोच नकोसा होतो, असं त्यांचं म्हणणं. यात हुकूमशहा कुठेच नाही. नव्या सुनेला पहिल्या दिवशी डबे कुठे आहेत ते सांगणारी सासू आणि दहा वर्षांनंतरही मीठ किती घालायचं ते सांगणारी सासू, असा हा फरक आहे.

आता मराठी शब्द. आदेश, निर्देश, निदेश, उपदेश, संदेश ही सगळी 'दिश्' या एका धातूची लेकरं. दिश् म्हणजे दाखवणे, दिशा देणे. अमरकोशात निर्देश, निदेश, शासन आणि आज्ञा एकाच रांगेत बसवलेत, म्हणजे संस्कृतात फार अंतर नव्हतं. मराठीत मात्र अंतर पडलं. 'आदेश' मोडला की कारवाई होते. 'वर निर्देश केल्याप्रमाणे' यात निर्देश म्हणजे नुसतं बोट दाखवणं. 'न्यायालयाने निर्देश दिले' यात मात्र तो जवळजवळ आदेशच. 'निदेश' हा कचेरीतला शब्द, 'यांच्या निदेशानुसार' असा पत्राच्या शेवटी येणारा.

या शब्दाची सगळ्यात चांगली कसोटी आपल्या संविधानातच आहे. चौथ्या भागाचं मराठी नाव 'राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे', पण शाळेत आपण सगळे 'मार्गदर्शक तत्त्वे' असं शिकलो. अनुच्छेद ३७ सांगतो की ही तत्त्वं न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, तरी देशाच्या शासनव्यवहारात ती मूलभूत आहेत. म्हणजे 'डायरेक्टिव्ह'ची जागा आज्ञा आणि मार्गदर्शन यांच्या मधली आहे. म्हणून 'आदेशात्मक' मला जड वाटतो आणि 'मार्गदर्शक' फारच मऊ. 'निर्देशक' चालला असता, पण निर्देशांक आणि दर्शक यांच्याशी त्याची गल्लत होते. मी 'निर्देशप्रधान' लिहीन.

जाता जाता एक. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला बालगृह सुरू केलं, तिथल्या बाईंना त्या 'शिक्षिका' न म्हणता इटालियनमध्ये 'दिरेत्रीचे' म्हणत. शब्द तोच, दिशा देणारी. पण तिचं काम मुलाला हुकूम सोडायचं नव्हतं. साधनं मांडायची, लक्ष ठेवायचं आणि मूल स्वतःहून कामात रमलं की बाजूला व्हायचं. आपल्याकडे बालवाडीत 'ताई' हा शब्द रुजला, त्यात दिशा नाही, नातं आहे. मला 'ताई' जास्त आवडतो.

प्रतिसाद (तोच, पुढे)

तुमची खरी अडचण दुसऱ्या शब्दात आहे. सह + भाग. भाग म्हणजे वाटा. भागीदार, भागधारक, वाटेकरी या शब्दांत तो वाटा अजून जिवंत आहे : भागीदाराला नफ्यातला हिस्सा मिळतो आणि दुकान विकायचं तर त्याची सही लागते. 'सहभाग' मात्र झिजला. स्पर्धेत सहभाग, रॅलीत सहभाग, 'सहभाग प्रमाणपत्र'. आज सहभागी होणे म्हणजे हजर असणे, हातपाय हलवणे. तुमच्या विद्यार्थिनीने हा झिजलेला अर्थ घेतला. तिची चूक मी निम्मीच मानतो, उरलेली शब्दाची आहे.

जुना अर्थ शोधायला पुन्हा संविधानच उघडा. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने याच निदेशक तत्त्वांत अनुच्छेद ४३क आला : उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. कामगार कारखान्यात हजर तर होताच, राबतही होता. इथला सहभाग म्हणजे ठरवण्यातला वाटा. त्याच वर्षी जर्मनीने दोन हजारांहून जास्त कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना देणारा कायदा केला. त्यासाठीचा जर्मन शब्द 'मिटबेश्टिमुंग'. 'मिट' म्हणजे सह, 'बेश्टिमुंग' म्हणजे ठरवणं. त्यांनी 'ठरवणं' शब्दातच ठेवलं, आपल्या 'सहभागा'तून ते गळालं.

आणि दोनच कप्पे करू नका. टॅननबॉम आणि श्मिट या व्यवस्थापनाच्या अभ्यासकांनी १९५८ मध्येच, साहेबाने एकट्याने ठरवण्यापासून गटाला ठरवू देण्यापर्यंत, सात पायऱ्यांची उतरंड दाखवली होती. त्याच क्षेत्रातल्या लायकर्ट यांनीही मत विचारणारी पद्धत आणि खरी सहभागाची पद्धत वेगळ्या मांडल्या. मराठीत यासाठी तीन साधी क्रियापदं आहेत : सांगणे, विचारणे, मिळून ठरवणे.

यातलं 'विचारणे' नीट पाहा. गुरुजी पाढे विचारतात, तेव्हा उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. लग्नघरात रुसून बसलेली आत्या म्हणते 'मला कुणी विचारलंच नाही', तेव्हा तिला माहिती हवी असते असं नाही. तिची तक्रार मानाची आहे, आणि तिच्या शब्दाने काही बदललं असतं का, याची आहे. 'त्याला कोण विचारतो?' यातही तेच. पहिलं विचारणं परीक्षेचं, दुसरं मसलतीचं. हात वर करून उत्तरं देणारा वर्ग पहिल्या प्रकारात बसतो. मुलांनी काहीही उत्तर दिलं असतं तरी पाठ ठरलेल्या वाटेनेच गेला असता. वहीत शेरा लिहायचा तर हा लिहा : 'मुलांच्या बोलण्याने पाठात काय बदललं?'

आणखी एक प्रतिसाद

मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला शिकवतो. माझ्या पदाचं नावच 'शिल्प निदेशक'. वरची चर्चा वाचून आज पहिल्यांदा त्या नावाचा विचार केला.

लेथवर, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापायच्या यंत्रावर, पहिले काही आठवडे चर्चा नसते. चकमधून (तुकडा पकडणाऱ्या भागातून) चावी काढल्याशिवाय मशीन चालू करायचं नाही. बाही सैल नको, हातमोजे नकोत, डोळ्यांना गॉगल पाहिजे. चावी राहिली तर ती गोळीसारखी सुटते. इथे मी मुलांचं मत घेत नाही आणि घेणारही नाही. पण तीच मुलं पुढे जॉबचं (बनवायच्या तुकड्याचं) ड्रॉइंग हातात घेतात तेव्हा फेसिंग (टोक सपाट करणं) आधी की ड्रिलिंग, कुठून धरायचं, किती पासमध्ये संपवायचं हे मी त्यांना ठरवू देतो. एखादा जॉब वाया गेला तर गेला. माझ्यापेक्षा सोपा क्रम पोरांनी काढल्याचंही घडलंय, आणि पुढच्या बॅचला मी तोच दाखवला.

त्यामुळे माझा आक्षेप 'शैली' या शब्दाला आहे. शैली म्हटलं की ती माणसाला चिकटते : अमुक सर निर्देशप्रधान, तमुक सर सहभागी. मी तर एका तासात दोन्ही असतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर, हे उदाहरण टिपणात घेऊ का? 'शैली'ऐवजी 'पद्धत' लिहिते, पद्धत कामागणिक बदलता येते.

अजून एक शंका. आमचे निरीक्षक सांगतात की शिक्षिकेने 'तुम्ही करा'ऐवजी 'आपण करू या' म्हणावं, म्हणजे वर्ग सहभागी होतो. हे खरं आहे का?

प्रतिसाद

शिल्प निदेशक सरांचा आक्षेप मान्य. 'पद्धत'च बरोबर.

'आपण'बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे मराठीजवळ असं काही आहे जे इंग्रजी-हिंदीजवळ नाही. आम्ही आणि आपण. 'आम्ही जेवलो' यात ऐकणारा उपाशी, 'आपण जेवलो' यात तोही पंगतीत. हिंदीचा 'हम' हा फरक करत नाही. गुजरातीत आहे, कानडी सोडून बऱ्याच द्राविडी भाषांतही आहे. 'आपण' उच्चारताच ऐकणाऱ्याला आत घेतलं जातं. निरीक्षकांना हेच म्हणायचं असणार.

पण 'आपण' आदरार्थी 'तुम्ही'ही आहे. 'आपण दि. १५ पर्यंत अहवाल सादर करावा' या परिपत्रकातल्या 'आपण'मध्ये लिहिणारा साहेब मुळीच नसतो. आणि बैठकीत साहेब म्हणतात, 'आपण हे शुक्रवारपर्यंत संपवू'. तेव्हा सगळ्यांना कळतं की संपवायचं कुणी. तिथे व्याकरण सहभागाचं आणि काम आज्ञेचं असतं. असंच 'उद्या सगळ्यांनी लवकर यायचं' हे वाक्य. त्यात आज्ञा आहे, आज्ञा देणारा दिसत नाही. साधं 'या' म्हणणारा माणूस निदान स्वतःची जबाबदारी घेतो. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो.

हे मला लागलेलं आहे म्हणून सांगतो. माझी मुलगी प्राथमिक शाळेत असताना मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया ठेवल्या आहेत. कागदावर याहून मोठा सहभाग कुठला? पण मी बैठकीला गेलो तेव्हा इतिवृत्ताची वही आधीच लिहून तयार होती. सूचक, अनुमोदक, 'सर्वानुमते मंजूर'. सूचक म्हणून माझं नाव होतं, मी काहीच सुचवलं नव्हतं. पालकांतल्या दोन बायांना प्यायच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं होतं. त्या सही करून निघून गेल्या. मीही सही केली, आणि ते मला आजही बरं वाटत नाही. बैठकभर सगळे आम्हाला 'आपण' म्हणत होते.

उलट गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) आठवा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा. तिथे 'आम्ही' आहे, कारण ती बाहेरच्यांना उद्देशून आहे. आत मात्र अभ्यासगट बसून विषयाची चर्चा करतो, निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि तोही बहुमताने न घेता सर्वसहमतीने. 'सर्वानुमते' आणि 'सर्वसहमतीने' हे शब्द कोशात शेजारी सापडतील. एक वहीत लिहून होतो, दुसऱ्याला लोक तयार होईपर्यंत थांबावं लागतं.

तेव्हा निरीक्षकांना सांगा, 'आपण करू या' जरूर म्हणावं. फक्त त्यानंतर एखाद्या मुलाने 'नको बाई, आधी दुसरं करू' म्हटलं तर बाई काय करतात, ते निरीक्षणात नोंदवावं.

मूळ प्रश्नकर्ती

टिपणातला तक्ता बदलला. आता तीन रकाने आहेत : सांगून, विचारून, मिळून ठरवून. परीक्षेत लागतील म्हणून 'निर्देशप्रधान' आणि 'सहभागी' हे शब्द खाली दिलेत, लेथचं उदाहरण पहिल्या आणि तिसऱ्या दोन्ही रकान्यांत घातलंय. त्या विद्यार्थिनीचा शेराही बदलला. चूक म्हटलं होतं ते खोडून तुमचा प्रश्न लिहिला.

लेविनच्या अभ्यासातली तिसरी तऱ्हा राहिली, मोठा माणूस काहीच करत नाही ती. मार्गदर्शकात तिला 'मुक्त शैली' म्हटलंय.

प्रतिसाद

'मुक्त' नको. मराठीत मुक्त हा चांगला शब्द आहे, मुलं मुक्तपणे खेळतात म्हणजे छान खेळतात. 'मोकळीक'ही नको, मोकळीक कुणीतरी विचार करून देतं. त्या मंडळांत मोठा माणूस तिथेच बसून होता आणि मुलांनी विचारल्याशिवाय फारसं बोलत नव्हता. त्याला आपल्याकडे 'वाऱ्यावर सोडणं' म्हणतात. परीक्षेसाठी गंभीर शब्द हवा असेल तर 'अलिप्त' लिहा.