पीपीपी (सार्वजनिक-खासगी भागीदारी) तत्त्वावर नाट्यगृह : हरकत नोंदवताना करारात नेमके काय पाहावे?

साधा_करदाता :
आमच्या नगरपालिकेने नाट्यगृह आणि त्याला जोडून प्रदर्शनांसाठी सभागृह सार्वजनिक-खासगी भागीदारीतून बांधण्याचा प्रस्ताव मांडला आहे. जमीन पालिकेची, बांधकाम आणि तीस वर्षांचे व्यवस्थापन कंपनीचे, आणि पालिकेला दरवर्षी ठरावीक रक्कम, असे त्याचे स्वरूप आहे. पालिकेची तिजोरी रिकामी असल्यामुळे सरसकट विरोध करण्याची माझी इच्छा नाही. नाट्यगृहाच्या भाड्यावर कमाल मर्यादा घालून घेतली, तर नागरिकांचे हित पुरेसे जपले जाईल का?

कलांगचा_शेजारी :
भाड्याच्या आधी तारखांचे, म्हणजे कोणते दिवस कोणासाठी राखीव याचे, कलम वाचावे, असे सिंगापूरमध्ये राहून माझे मत झाले आहे. येथील कलांग भागातील स्पोर्ट्स हबसाठी सरकारने २०१० साली एका खासगी कंपनीसमूहाशी २५ वर्षांचा करार केला. सुमारे १.३३ अब्ज सिंगापूर डॉलर खर्चाचा, ३५ हेक्टरांवरील हा प्रकल्प कंपन्यांनी स्वतः भांडवल उभारून बांधला, आणि वास्तू वापरण्याजोगी ठेवण्याबद्दल सरकारने त्यांना दरवर्षी मोबदला द्यायचा असे ठरले. २०१४ साली ५५,००० आसनांचे, सरकत्या छताचे राष्ट्रीय स्टेडियम खुले झाले. २०१६ साली राष्ट्रीय दिनाचे संचलन तेथे घेण्याचे ठरले, तेव्हा तालमी आणि उभारणी धरून करारात या सोहळ्यासाठी राखलेले ४५ दिवस पुरेनात, आणि जादा दिवसांसाठी कंपनीने वेगळे पैसे मागितले. देशाचाच सोहळा आणि देशाचेच स्टेडियम असूनही सरकारला घासाघीस करावी लागली. करारात जे लिहिले होते त्यापलीकडे फुकट काही देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते, आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये, मुदतीच्या बरीच वर्षे आधी, सरकारने संपूर्ण संकुल आपल्या ताब्यात घेतले. सर्वसामान्यांना आणि शाळांना ते अधिक खुले करता यावे, हे त्यामागचे एक प्रमुख कारण सांगितले गेले.

निविदा_वाचक :
वरील उदाहरणावरून भागीदारीच वाईट, असा निष्कर्ष काढू नये. सिंगापूरमध्ये प्रेक्षक आले नाहीत तरी सरकारचा वार्षिक मोबदला ठरलेला होता; आपल्याकडील प्रस्तावात मात्र कंपनीच पालिकेला पैसे देणार आहे, म्हणजे गर्दी जमवण्याची जोखीम संपूर्णपणे तिच्यावर आहे. अशी कंपनी साहजिकच शनिवार-रविवार आणि लग्नसराईचे दिवस सर्वाधिक पैसे देणाऱ्याला देईल. पालिकेने वार्षिक रकमेचा आकडा जितका ताणून घ्यावा, तितका हा दबाव वाढतो, आणि निविदा तर त्याच आकड्यावर जिंकली जाते. तेव्हा सर्वाधिक रक्कम देणाऱ्यास काम, या निकषालाच हरकत घ्यावी. रक्कम आधी ठरवून टाकून, नाटकांसाठी आणि नागरिकांसाठी राखीव दिवस कोण अधिक देतो यावरही निविदा काढता येते.

पडदा_वर :
नाट्यव्यवस्थापक म्हणून सांगतो, केवळ भाड्याची मर्यादा कागदावरच राहते. मूळ भाडे कमी ठेवून वातानुकूलन, ध्वनियंत्रणा, जनरेटर, सफाई आणि वाहनतळ यांची वेगवेगळी आकारणी केली, की प्रयोगाचा खर्च पूर्वीपेक्षाही वाढतो. म्हणून मर्यादा सर्व आकारांसह एकूण रकमेवर हवी. राखीव दिवस लिहून घेताना त्यांत शनिवार-रविवारची दुपारची आणि रात्रीची सत्रे किती, हेही लिहावे. नाहीतर मंगळवारची सकाळ आपल्या वाट्याला येईल, आणि त्या वेळी आमचे प्रेक्षक कचेरीत असतात. तारखांचे वाटप पालिकेच्या समितीने करावे आणि ते जाहीर असावे. (पालिकेच्या ताब्यातील नाट्यगृहांतही तारखांवरून वाद होतातच, पण तेथे निदान दाद मागायला जागा असते.)

साधा_करदाता :
मसुद्यात राखीव दिवसांचा उल्लेख आहे, पण वार किंवा सत्र दिलेले नाही. ही हरकत नोंदवतो. करार मध्येच मोडावा लागला तर काय?

निविदा_वाचक :
तसे झाल्यास कंपनीला द्यायची भरपाई मोजण्याची पद्धत आजच करारात असायला हवी. सिंगापूर सरकारने ताबा घेताना सुमारे १.५ अब्ज सिंगापूर डॉलर मोजले. आपल्या नगरपालिकेला तसे काही परवडणार नाही. त्याबरोबर मुदतीअखेर वास्तू कोणत्या स्थितीत परत मिळेल, छत, आसने आणि रंगमंचाची यंत्रणा किती वर्षांनी बदलायची, आणि त्यासाठी दरवर्षी वेगळ्या खात्यात किती पैसे ठेवायचे, ही परिशिष्टे मसुद्याला जोडली आहेत का ते पाहा. जोडलेली नसतील, तर तेवढ्याच मुद्द्यावर हरकती नोंदवण्यासाठी मुदतवाढ मागता येईल.