अंटार्क्टिका नक्की कोणाच्या मालकीचं?

नकाशावेडा:
काल जुना अ‍ॅटलास चाळत होतो, अंटार्क्टिकाच्या पानावर मोसंबीच्या फोडी कराव्यात तशा रेषा मारल्यात, प्रत्येक फोडीवर वेगळ्या देशाचं नाव आणि एका ठिकाणी तर तीन रंग एकमेकांवर चढलेत. शाळेत शिकलो की ते कोणाचंच नाही. मग हे काय? आणि एक मोठी फोड कोरीच सोडलीय, ती छपाईची चूक का?

ध्रुवबाळ:
चूक नाहीये. सात देशांचे दावे आहेत, १९०८ ला ब्रिटनने सुरुवात केली, मग न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली, अर्जेंटिना. एकट्या ऑस्ट्रेलियाने ४२ टक्के घेतलंय 😄 तीन रंग दिसतात ते द्वीपकल्पावर, तिथे ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना तिघंही 'आमचंच' म्हणतात. कोरी फोड म्हणजे मेरी बर्ड लँड, साधारण १६ लाख चौरस किमी, त्यावर कोणी दावाच केला नाही.

खवचट:
आणि १९५९ चा अंटार्क्टिका करार विसरू नका. त्याचं चौथं कलम म्हणजे कमाल आहे, जुने दावे मान्य पण नाहीत अमान्य पण नाहीत, नवीन करायचे नाहीत, आणि करार आहे तोवर तिथे काहीही केलंत तरी ते दाव्याचा पुरावा धरणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! म्हणूनच हे सात दावेदार आणि अमेरिका, सोव्हिएत रशिया धरून करार करणाऱ्या बाराही देशांनी सह्या केल्या.

नकाशावेडा:
पुरावाच धरत नाहीत तर मग गप्प बसतात का सगळे?

खवचट:
छे, गप्प कसले. करार व्हायच्या आधी १९५२ ला त्याच द्वीपकल्पावरच्या होप बे नावाच्या खाडीत ब्रिटिश लोक जळालेला तळ परत बांधायला उतरले तर अर्जेंटिनावाल्यांनी त्यांच्या डोक्यावरून मशीनगन चालवली. करार झाल्यावर बंदुका गेल्या आणि बाळंतपणं आली. अर्जेंटिनाने एका गरोदर बाईला मुद्दाम विमानाने त्याच खाडीतल्या आपल्या एस्पेरान्सा तळावर नेलं आणि ७ जानेवारी १९७८ ला एमिलिओ पाल्मा जन्मला, त्या खंडावर जन्मलेलं नोंद असलेलं पहिलं बाळ. कलमाच्या हिशोबाने किंमत शून्य, तरी १९८४ ला चिलीनेही तेच केलं.

हिमांकित:
नॉर्वेचा किस्सा मला सगळ्यात भारी वाटतो. १९३९ ला जर्मन मोहीम येतेय कळल्यावर घाईघाईने दावा ठोकला, पण बाकीच्यांसारखी फोड थेट ध्रुवापर्यंत नेली नाही, कारण दक्षिणेत ही फोडीची पद्धत मानली तर उत्तर ध्रुवाकडे तसाच दावा करायला रशियाला आयतं कोलीत मिळालं असतं. दक्षिणेकडची हद्द थेट २०१५ ला स्पष्ट केली. आपलं मैत्री स्टेशन याच नॉर्वेच्या फोडीत आहे आणि भारती ऑस्ट्रेलियाच्या, तरी परवानगी मागायला कोणाच्या दारात जावं लागलं नाही.

नकाशावेडा:
बाप रे. पण २०४८ ला करार संपतोय ना? ग्रुपवर तसं फिरत होतं.

ध्रुवबाळ:
नाही हो, कराराला मुदतच नाहीये. १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलने, म्हणजे या कराराला जोडलेल्या पर्यावरणाच्या मसुद्याने, खाणकामावर बंदी घातली, त्याचा आढावा घ्या अशी मागणी २०४८ नंतर करारात मतदानाचा हक्क असलेला कोणताही देश करू शकतो, एवढंच. आपोआप काही उघडत नाही.