शेअरवरची सीएचएम हेल्प उघडते, पण उजवी बाजू कोरी. उपाय सुचवा

नोंदवही: ऑफिसात विंडोज १० आणि ११ ची ९ मशीन, उबुंटूची ३, एक मॅक. उबुंटू सर्व्हरवर साम्बा शेअर (विंडोजला नेटवर्कवरून दिसणारा सामायिक फोल्डर), त्यात अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सीएचएम (मदतीची सगळी पानं एकाच फाइलीत बांधलेल्या) हेल्प फायली. विंडोजवर डावीकडे अनुक्रमणिका दिसते, उजवीकडे 'नेव्हिगेशन कॅन्सल्ड'. तीच फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली की चालते. खर्च करायचा नाही, प्रत्येक मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) हात घालायचा नाही.

खटपट्या: फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली 'अनब्लॉक'. झालं काम.

सर्व्हरखोली: अनब्लॉकने इथे काही होणार नाही. तो 'बाहेरून आलेली फाइल' हा शिक्का काढतो, आणि हा शिक्का ब्राउझर किंवा मेलमधून उतरवलेल्या फायलींवर बसतो. यांची फाइल डेस्कटॉपवर नीट चालते, म्हणजे शिक्का नाहीच. २००५ च्या एमएस०५-०२६ या सुरक्षा अपडेटपासून एचटीएमएल हेल्प (विंडोजचा सीएचएम दाखवणारा भाग) फक्त झोन ०, म्हणजे त्याच मशीनवरचा मजकूर दाखवते; मजकूर कुठून आला यावरून विंडोज त्याला झोन देतं. शेअर झोन १, म्हणजे इंट्रानेट (ऑफिसचं आतलं नेटवर्क) मध्ये येतो. सर्व्हरला आयपी पत्त्याने बोलावलं तर नावातल्या टिंबांमुळे तो थेट झोन ३, इंटरनेट धरला जातो. रजिस्ट्रीत एचटीएमएल हेल्पच्या '१.एक्स' खाली 'आयटीएसएस रिस्ट्रिक्शन्स' की करून त्यात 'यूआरएल अलाउ लिस्ट'मध्ये तेवढाच फोल्डर द्या. 'मॅक्स अलाउड झोन' १ केलंत तर अख्खं इंट्रानेट मोकळं होतं, ते नको.

नॅसवाला: एक चांगला दोन-बे नॅस (दोन डिस्कची, नेटवर्कला जोडायची साठवणपेटी) घ्या. आम्ही घेतला, तेव्हापासून शेअरिंगची कटकट नाही.

सर्व्हरखोली: नॅसही नेटवर्कवरच असतो. झोन बदलत नाही, एररही बदलणार नाही.

जुनीहेल्प: आमच्याकडे तर सीएचएमच्याही आधीच्या .एचएलपी हेल्प फायली आहेत. विंडोज १० वर त्यांचा व्ह्यूअरच मिळत नाही, ८.१ पर्यंत वेगळा उतरवता यायचा. सीएचएम आहे हे नशीब समजा.

पेठकर: रजिस्ट्री नको म्हणतायत ना ते? रोबोकॉपीने (विंडोजमधली फायली कॉपी करायची कमांड) लॉगिनच्या वेळी फायली प्रत्येक मशीनवर उतरवा. त्यातला 'मिर' हा पर्याय वापरलात तर स्वतंत्र फोल्डरच द्या, कारण मूळ जागी नसलेलं सगळं तो पुसतो. शिवाय 'आर' १ (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि 'डब्ल्यू' १ (मध्ये किती सेकंद थांबायचं) लिहाच. कोणी हेल्प उघडी ठेवली असेल तर फाइल लॉक असते, आणि रोबोकॉपी मुळात ३० सेकंद थांबून १० लाख वेळा प्रयत्न करतो. स्क्रिप्ट तिथेच अडकून बसते.

खटपट्या: +१. फोल्डरच्या नावात हॅश चिन्ह आहे का तेही बघा. असेल तर स्थानिक डिस्कवरही पान उघडत नाही.

सर्व्हरखोली: रजिस्ट्रीचं राहिलं. ३२-बिट सॉफ्टवेअर एफ१ वरून हेल्प उघडत असेल तर तीच नोंद 'वाव६४३२नोड' या ३२-बिट सॉफ्टवेअरसाठीच्या रजिस्ट्रीच्या भागाखालीही लागते. डबल क्लिकने चालतं आणि एफ१ ने नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

उबुंटूप्रेमी: विंडोजवर 'एचएच डीकम्पाइल' (सीएचएम उलगडणारी कमांड) चालवा, एचटीएमएल बाहेर काढा, सर्व्हरवर अपाचीत (वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) ठेवा. मॅकसकट सगळ्यांना ब्राउझरमध्ये दिसेल. एक खाच आहे: सीएचएममध्ये फाइलनावांची लहान-मोठी अक्षरं चालून जातात, लिनक्सवर नाहीत. साम्बातून उघडलेल्या लिंका चालतील, अपाचीतून त्याच ४०४ ('पान सापडलं नाही') देतील. आधी सगळी नावं आणि लिंका लहान अक्षरांत आणा. सीएचएममधला शोधही जाईल.

नॅसवाला: म्हणून म्हणतो, नॅसमध्ये वेब सर्व्हर तयारच मिळतो.

पेठकर: पीडीएफ मात्र करू नका. एफ१ दाबल्यावर त्याच मुद्द्याचं पान उघडण्याची सोय जाते.

नोंदवही: सर्वांचे आभार. कॅलिबरने (ई-पुस्तकांचं सॉफ्टवेअर) पीडीएफच करतोय. कॅलिबर सीएचएम थेट वाचतं, फुकट आहे, आणि आमच्याकडे एफ१ कोणी वापरत नाही. हेल्प वर्षातून एकदा बदलते. मॅकवाल्यालाही तीच फाइल.

उबुंटूप्रेमी: मग मोठ्या तक्त्यांची पानं आधी तपासा. रुंद तक्ते उजवीकडे कापले जातात. कागद आडवा ठेवा.