मदत हवी आहे: एजंटला ‘सोनं’ शोधायला दिलं की भलतंच हाती येतंय

अमळनेरी_पोरगा

नमस्कार मंडळी. जळगावात नोकरी करतो, वडील गावाकडे (अमळनेर तालुका) असतात. त्यांच्या फोनवर एक छोटा एआय एजंट बसवून दिलाय. बोलून विचारायचं, तो बाजारभाव सांगतो. खरेदी-विक्रीचं टूल मुद्दाम दिलेलं नाही, फक्त शोध आणि भाव. अडलंय ते शोधाच्या टूलपाशी.

ब्रोकर रोज सकाळी सगळ्या सौद्यांची यादी सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) देतो. शेअर, ईटीएफ, फ्युचर, ऑप्शन, सगळं एकत्र, लाखाच्या आसपास ओळी. ती एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये भरली आणि वर एमसीपीचं (एजंटला बाहेरची टूल जोडायची पद्धत) टूल बांधलं: एजंट शब्द पाठवतो, टूल सिम्बॉलमध्ये (सौद्याच्या छोट्या नावात) तो शब्द शोधून पहिल्या दहा ओळी परत देतं.

परवा वडिलांनी विचारलं, “सोनाना भाव काय शे रे आज?” एजंटने ‘सोनाना’ हाच शब्द टूलला पाठवला. शून्य ओळी. मग स्वतःच ‘गोल्ड’ करून पाठवला, तर दहाच्या दहा ओळी एमसीएक्सच्या (सोनं-कापसासारख्या मालाचा वायदेबाजार) ऑप्शनच्या. कारण मी यादी वर्णक्रमाने लावलेली, ‘गोल्ड’नंतर ज्यांच्या सिम्बॉलमध्ये वर्षाचा आकडा येतो ते सगळे अक्षरवाल्यांच्या पुढे उभे राहतात. गोल्डबीज या सोन्याच्या ईटीएफचा नंबरच लागत नाही.

ऑप्शन काढून टाकले, तर एजंटने गोल्डपेटल या सोन्याच्या छोट्या वायद्याचा भाव सांगितला. वडील हरखले, एवढं स्वस्त झालं? पेटलचा भाव १ ग्रॅमचा असतो, गिनीचा ८ ग्रॅमचा, गोल्डमिनीचा १० ग्रॅमचा. आमच्याकडे सराफात तोळ्याशिवाय कोणी बोलत नाही. यादीत लॉट साइज (एका सौद्यात किती माल) आहे, पण भाव किती ग्रॅमचा हे कुठल्याच रकान्यात नाही. एजंट बिचारा सांगणार तरी कुठून?

आणि वडिलांकडे खरं तर आहेत सरकारी सुवर्णरोखे. त्यांचं सिम्बॉल ‘एसजीबी’ने सुरू होतं, म्हणजे ‘गोल्ड’ शोधून ते येणारच नाहीत.

दुसरा घोळ जैन इरिगेशनचा. वडील ‘जैन पाईप’ म्हणतात. कंपनीच्या नावावरून शोधलं की एनएसईवर दोन ओळी निघतात, एक साधा शेअर, एक डीव्हीआर (वेगळ्या मतहक्काचा शेअर). वर्णक्रमात डीव्हीआर आधी येतो, एजंट डोळे झाकून तोच उचलतो. भाव वेगळा, मतांचा हक्कही कमी. वडिलांना डीव्हीआर काय हे समजावण्यात माझा रविवार गेला.

माझा प्रश्न: टूलने स्वतः अक्कल चालवून एकच उत्तर द्यावं, की सगळे पर्याय एजंटपुढे टाकून “विचारून घे” म्हणावं? आणि अहिराणी-मराठी शब्दांची सोय टूलमध्ये करू की मॉडेलवर सोडू?

तापीकाठ

एवढा खटाटोप कशाला भो? सराफाला फोन लाव, दोन मिनिटांत भाव कळेल.

अमळनेरी_पोरगा

@तापीकाठ फोन वडीलच लावतात रोज, दिवसातून तीनदा. म्हणून तर हा खटाटोप.

रकाना_क्र_७

ओळी देऊ नकोस, गट दे. ‘गोल्ड’ विचारलं की उत्तर चार-पाच ओळींतच संपलं पाहिजे: ईटीएफ, रोखे, वायदे म्हणजे फ्युचर (प्रत्येकाचा फक्त जवळच्या एक्स्पायरीचा, म्हणजे ज्याची मुदत आधी संपते तो). ऑप्शन मागितल्याशिवाय नाहीच. एजंटला दहा सारख्या दिसणाऱ्या ओळी दिल्या की तो पहिली उचलतो, माणूसही तेच करतो.

‘भाव कशाचा’ हा रकाना तूच हाताने भर. एमसीएक्सवर असे सौदे मोजकेच आहेत, तासाभराचं काम. आणि जुने टोकन (यादीतला प्रत्येक सौद्याचा नंबर) साठवू नकोस. एक्स्पायरी झाली की तोच आकडा पुढे दुसऱ्या सौद्याला मिळू शकतो. यादी रोज नवी भर.

डिमॅटवाली_ताई

जैनचा तिढा आयसिनने (प्रत्येक शेअरचा कायमचा ओळख क्रमांक) सुटेल. साध्या शेअरचा आयसिन ‘आयएनई’ने सुरू होतो, डीव्हीआरचा ‘आयएन९’ने. ब्रोकरच्या यादीत आयसिन नसला तर एनएसईची कंपन्यांची यादी उतरवून घे, तिच्यात तो रकाना आहे. एनएसई आणि बीएसईवरचा एकच शेअर ओळखायलाही तोच उपयोगी, सिम्बॉल वेगळं असलं तरी आयसिन एकच.

शब्दांचं म्हणशील तर टूलमध्येच ठेव. मॉडेल बदललं की त्याची अहिराणी बदलते, तुझा तक्ता बदलत नाही. पण दोन पर्याय उरले तर मात्र टूलने निवडू नये, एजंटने वडिलांनाच विचारावं. पैसा त्यांचा आहे.

अमळनेरी_पोरगा

ताई, दादा, दोघांचं ऐकलं. गट केले, आयसिन जोडला, चाळीसेक शब्दांचा तक्ता केला (‘सोनाना’, ‘सोनं’, ‘जैन पाईप’ वगैरे). आता एजंट विचारतो, “रोख्याचा भाव हवा की तोळ्याचा?” वडील खूश.

आज नवीनच. वडिलांनी कापसाचा भाव विचारला. एमसीएक्सवरचा सौदा ‘कॉटन कँडी’ नावाने निघाला, आणि एजंटने “हा खाऊचा पदार्थ दिसतो” म्हणून वगळला! जत्रेतले म्हातारीचे केस समजला. कँडी म्हणजे खंडी हो, सुमारे ३५६ किलो, तीही रुईची. एनसीडीईएक्सवर (शेतमालाचा वायदेबाजार) कपास आहे, तर तिचा भाव २० किलोचा. आणि वडील विचारतात क्विंटलचा, सरकीसकट. रुईच्या भावावरून कापसाचा अंदाज काढायचा तर उतारा (कापसातून निघणारी रुई) किती टक्के धरायचा? जिनिंगवाले कोणी आहे का इथे?