मदत हवी आहे: पहिल्यांदाच एकटीसाठी भाड्याचं घर बघतेय
कॉलेज संपलं, नोकरी लागली, आता एकटीने राहायचंय. आजवर होस्टेलवरच होते, त्यामुळे घर बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं तेच कळत नाही. नळ सोडून पाहते, मोबाइलला रेंज आहे का बघते, झालं!

काल पाहिलेलं घर आवडलं. उजेड भरपूर. पण बाथरूमबाहेरच्या भिंतीला तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग दिसला. ओल लपवलीय का? मालक म्हणतात, आधी टोकन द्या, करारनामा नंतर दाखवतो. मला हे खटकतंय. शिवाय सहा महिन्यांचा लॉक-इन (म्हणजे तोवर घर सोडायचं नाही) तोंडीच सांगितलाय. मध्येच नोकरी बदलली तर डिपॉझिट परत मिळतं का? करारात काय लिहून घेऊ? परवापर्यंत उत्तर द्यायचंय.