गॅस गिझर: सावध माणूसही का पडतो?

रसायनगल्ली
लपलेल्या धोक्यांवरच्या निबंधांचा सूर ठरलेला असतो: मनावर ताबा ठेवा, चांगल्या सवयी लावा, संकट टळेल. व्यसन, वेग, राग यांच्यापुरतं ते मला पटतं. बाथरूममधल्या गॅस गिझरला मात्र हाच नियम लावला की माणसं मरतात, म्हणून हा धागा.

हिशेब बघा. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण १२ किलोवॉटची आच लागते. १० मिनिटांत दीडशेच्या वर ग्रॅम एलपीजी जळतो आणि तो २ घनमीटर हवा खातो. ५ बाय ७ फुटांच्या, ८ फूट उंच बाथरूममध्ये हवा आहेच जेमतेम ८ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ कडे घसरतो. १८-१९ च्या खाली गेला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. एलपीजी गळला तर त्यात मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टन या उग्र रसायनाचा वास येतो. कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. हवेच्या दहा लाख भागांत १६०० भाग असले तर वीसेक मिनिटांत चक्कर येते, ३२०० असले तर ५-१० मिनिटांत. आधी विचार मंदावतो, मग पाय लुळे पडतात. कडी हातभर अंतरावर असते, पण निघत नाही. ज्या मनाने ताबा ठेवायचा तेच आधी जातं. गिझर बाथरूममध्ये नकोच.

बादलीवाला
हिशेब बरोबर, निष्कर्ष अमान्य. ताबा विष चढल्यावर ठेवायचा नसतो, नळ सोडण्याआधी ठेवायचा असतो. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मग कडी लावा. १८ लिटरला ३ मिनिटं आणि पन्नासेक ग्रॅम गॅस पुरतो. या गिझरवर शॉवर घ्यायचाच नाही. भाडेकरूला पाइपलाइन हलवता येत नाही, त्याला नुसतं ‘नकोच’ सांगून काय उपयोग? आणि बर्नरमध्ये धूळ, कोळ्याची जाळी अडकली की निळी ज्योत पिवळी पडते. ते रोज बघणारा माणूसच लागतो.

रसायनगल्ली
सवय चांगलीच आहे, पण ती मोडते कधी? डिसेंबर-जानेवारीत टाकीतलं पाणी गार, म्हणून गिझर जास्त वेळ चालतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत झडपांच्या खिडकीला प्लास्टिक लावलं जातं. सकाळी चौघं ओळीने आंघोळीला जातात, तिसऱ्याच्या वाट्याला आधीच्या दोघांचा वायू येतो. डोक्याला शांपू असताना बादली संपली तर दार उघडायला कोण जातं? घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलाला तर तुमचा क्रम ठाऊकच नसतो. लहान मुलांचा श्वास जलद, त्यांना लवकर चढतं.

पाइपपाना
दोघांच्याही नजरेतून सुटलेली गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट पंखा. खालून हवा आत यायला वाट नसेल तर तो नुसताच फिरतो, आणि गिझरला धुराडं असेल तर त्यातूनच जळका वायू उलटा आत ओढतो. दाराच्या तळाशी जाळी हवीच.

काही गिझरना प्राणवायू कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. त्याच्यावर विसंबू नका. तो प्राणवायू मोजतो, कार्बन मोनॉक्साइड नाही. बर्नर काजळलेला असेल तर भरपूर हवेतही विष तयार होतं आणि सेन्सर गप्प राहतो.

खरा उपाय म्हणजे गिझर उघड्या बाल्कनीत, खिडकीपासून लांब. ‘लांबच्या पाइपात गार पाणी राहतं’ ही तक्रार पोकळ आहे, अर्ध्या इंचाच्या ६ मीटर पाइपात १ लिटरच्या आसपास पाणी मावतं. ड्राय बाल्कनीला सरकत्या काचा बसवल्या असतील तर मात्र ती दुसरी बाथरूमच समजा.

बादलीवाला
बाल्कनी असेल तर गिझर तिथेच लावा, वाद नाही. पण एका खोलीत राहणाऱ्यांसाठी माझा क्रम मी मागे घेत नाही. त्यात एक भर घालतो: आतली कडी काढून बाहेरूनही उघडता येईल असा लॅच बसवा, आणि ५ मिनिटांनी हाक मारा. ओ आली नाही तर लगेच दार उघडा, श्वास रोखून माणसाला बाहेर ओढा, मग गॅसचा कॉक बंद करा.

रसायनगल्ली
हे पटलं, कारण इथे ताबा बाहेरच्या शुद्धीतल्या माणसाकडे आहे. फक्त बोटाच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून बाहेर काढलेल्या माणसाला घरी ठेवू नका. चिकटलेला कार्बन मोनॉक्साइडही त्या यंत्राला प्राणवायूच वाटतो. साध्या हवेत रक्तातलं विष निम्म्यावर यायला ४-५ तास लागतात, मास्कमधून शुद्ध प्राणवायू दिला तर तास-दीड तास. रुग्णालयात पोचताच ‘गॅस गिझर चालू होता’ हे आधी सांगा.